चारशे बारा खांब

ड्राय फोर्क, नेब्रास्का
१२ फेब्रुवारी १९३९

ती. इंगाताईस,

थोराचा नमस्कार. वि. वि. मला लिहायला वेळ नाही आणि तुला वाचायला सवड आहे, तेव्हा तक्रार न करता वाच.

इकडे सगळे जिवंत आहोत. ऑर्व्हिलचा गुडघा थंडीने धरलाय, म्हणजे नवरा असून गुरांना गवत टाकायचं कामही माझ्याच डोक्यावर. काल एका कालवडीला वासरू आडवं आलं. कोपरापर्यंत हात घालून मीच काढलं. वासरू जगलं, कालवड गेली. कागदाला वास आला तर समजून घे.

आता काम. या ऑगस्टात आपल्या जिल्ह्याला पन्नास वर्षं होतात, म्हणून चर्चच्या बायकांनी पुस्तक छापायचं काढलंय. पुढारी कोण, तर शाळामास्तरांच्या थर्लोबाई. सहा वर्षांपूर्वी आगगाडीतून उतरल्या, आणि आता आपण इथे कसे आलो ते आपल्यालाच सांगतात. प्रत्येक जुन्या घराने दोन पानं द्यायची. वर प्रश्न छापून आणलेत: पहिली पवनचक्की कुणाची, पहिलं लग्न कुणाचं, पहिली कबर कुणाची. मी म्हटलं, पहिली शिवी कुणी दिली ते विचारा, ते मला पाठ आहे. हसल्या नाहीत. मी चौथीतून उठलेली बाई, तू पुरी शाळा केलेली. तर सनावळ्या तू लिहून पाठव.

जाताना त्यांची नजर माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. विचारलं, हेच ना ते लव्हिना पार्डीचं घर? वादळात वाट चुकून गेली ती आयोवाची विधवा, चर्चच्या आवारातली पहिली कबर जिची, तिचं? त्यांना ते कचेरीपुढच्या हिरवळीवर नेऊन ठेवायचंय, रंग देऊन, पाटी लावून. ऑर्व्हिलने हो म्हणून टाकलं. मी म्हटलं न्या, त्या घराला हिंडायची सवय आहेच. ऑर्व्हिलने टेबलाखालून पाय मारला, दुखऱ्या गुडघ्याचाच.

आणि खरं काम हे. लव्हिनाच्या मुलीचं पत्र आलंय. तिला मुलगी होती हे तुझ्या लक्षात आहे ना? पत्र सोबत जोडते. वाच, आणि मी तिला कुठे नेऊन उभी करू ते सांग. खोपट एक आणि ते उभं राहिलं सात ठिकाणी.

हेन्रीभावजींना नमस्कार. माया आहे ती असू दे, राग आला तर तोही कळव.

तुझी
थोरा

(सोबतचं पत्र)

डेव्हनपोर्ट, आयोवा
२८ जानेवारी १९३९

सौ. थोरा हॅलक यांस,

स. न. वि. वि. आपली ओळख नाही, तरी लिहिण्याचं धाडस करते. मी लव्हिना पार्डी यांची एकुलती मुलगी. वडील सैन्यात होते, ते गेल्यावर सैनिकाची विधवा म्हणून आईला तुमच्याकडे जमीन मिळणार होती. १९०६ च्या शरदात ती एकटीच पुढे गेली आणि मला मावशीकडे ठेवलं. मी सहा वर्षांची होते. वसंतात बोलावून घेणार होती.

तिची तीनच पत्रं आली. शेवटच्यात तिने लिहिलंय, की ब्रांडवोल्डांच्या फाटकापासून कुंपणाला धरून चाल, चारशे बारा खांब मोज, मग डावीकडे वळून चाळीस पावलं टाक, की आपलं दार. डोळे मिटून आलीस तरी चुकायची नाहीस. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद फाटलाय.

मावशी मात्र म्हणायची, तुझी आई पहिल्यापासूनच वेंधळी, जिला मैलभर चालता आलं नाही तिने पोटच्या पोरीला सोडून जायला नको होतं. मावशी आता नाही. मी अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या मनाने कुठे निघते आहे. पोस्टमास्तरांनी कळवलं की ते कुंपण आता आपल्याकडे आहे. मला त्या दाराच्या जागी एकदा उभं राहायचंय, एवढंच. ऑगस्टाच्या पहिल्या आठवड्यात आले तर चालेल का?

तसदीबद्दल क्षमा असावी. कृपा राहावी, ही विनंती.

आपली
अल्मीरा व्हिटकोम


सेलम, ऑरेगन
१ मार्च १९३९

चि. सौ. थोरा हिस,

इंगाताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, तोंड नाही. हेन्रीला मोठ्याने वाचून दाखवत होते, तर वासराच्या इथेच त्याने हात वर केला आणि कॉफी घेऊन बाहेर गेला. बरंच झालं. पुढचं मी एकटीने वाचलं.

सनावळ्या वेगळ्या कागदावर आहेत. बाबा आले १८८७ साली, दोन बैल आणि आईची शिवणाची पेटी घेऊन. ढेकळांचं घर त्याच शरदात. पवनचक्की १८९१. चर्चचं छप्पर बाबांनी आणि निल्सभाऊंनी घातलं, हे नक्की घाल. निल्सभाऊंच्या लग्नात फिडलवाला दारू पिऊन पाण्याच्या हौदात पडला आणि हौदातूनच वाजवत राहिला, हेही घाल. लोकांना आवडतं.

आता त्या मुलीबद्दल. थोरा, शांतपणे वाच. तिला निल्सभाऊंच्या तुकड्यावरच्या त्या मोठ्या झाडाखाली ने. सावली आहे, जागा बघायला चांगली आहे. म्हण, इथेच होतं. खांबांचं विचारलं तर म्हण, कुंपण बदललं. दोन रानफुलं तोडून दे, जेवू घाल आणि गाडीत बसवून दे. तिला रडायला एक जागा हवी आहे, मोजणी कशाला?

वादळ हे वादळ असतं. त्या दिवशी तीन जिल्ह्यांत माणसं गेली, गुरं तर कुंपणाला टेकून उभ्या उभ्या गोठली. त्यातली ती एक. बाबांना जमिनीत जाऊन अकरा वर्षं झाली. आणि सरकारच्या एका कागदावर माझीही सही आहे, हे विसरू नकोस. हेन्री इथे चर्चचा कारभारी आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

आवळ्याभोपळ्याची मोट बांधत बसू नकोस. तब्येतीला जप, ऑर्व्हिलला गुडघ्यावर गरम मिठाचा शेक दे. धाकटी आहेस, ऐकत जा.

तुझी
इंगा


ड्राय फोर्क
२३ मार्च

ती. इंगाताईस,

नमस्कार. हौदातला फिडलवाला घातला. थर्लोबाईंनी दारू काढून टाकली, आता तो बिचारा नुसताच पाण्यात बसून वाजवतोय.

तुझं पत्र वाचून दोन आठवडे गप्प बसले, ऑर्व्हिल म्हणाला आजारी आहेस का. आता ऐक. मला झाकली मूठ सांगू नकोस, त्या मुठीत माझी पण बोटं आहेत.

तू सगळं सनावळीत लिहितेस. मी जसं आठवतं तसं लिहिते. कायदा म्हणायचा, ज्याच्या नावावर सहाशेचाळीस एकर, त्याचं घर त्या तुकड्यावर पाहिजे आणि त्याने पाच वर्षं तिथे राहिलं पाहिजे. बाबांना पाण्याभोवतीचे सातही तुकडे हवे होते. नावं सात मिळाली: ते स्वतः, निल्सभाऊ, तू, दोन पुतणे, एक कोण ती मिनेसोटातली आत्या जी कधी इथे फिरकली नाही, आणि लव्हिना. घर एकच. बारा बाय चौदाचं खोपट, खाली दोन ओंडके, चार घोडे जुंपले की बर्फावरून घसरत जायचं. जमिनीच्या कचेरीचा माणूस ज्या तुकड्याला तपासायला येणार तिथे खोपट आधी हजर. जिल्ह्यात प्रत्येकाचं असं एक चालतं घर होतं. थर्लोबाई विचारत नाहीत, म्हणून कुणी सांगत नाही.

बाकीच्या बायका सही करून गाडीत बसायच्या. लव्हिना राहायला आली. बाबा डोकं धरून बसले होते, तुला आठवतं? तिला वाटलं घर तिचं. पडदे लावले. किटली घेतली. दाराला कुलूप लावलं! अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे कुलूप नव्हतं. गडीमाणसं तिला चिडवायची, बाई, इथे चोरायला आहे काय, घरच उचलून नेतील म्हणून भीती वाटते का? ती हसायची. मीही हसायचे.

दर बुधवारी ती आपल्याकडे इस्त्रीला यायची, आई अंथरुणाला खिळली होती म्हणून. शहरातली बाई, धुक्यातसुद्धा रडकुंडीला यायची. खांब मोजत चालायला मी शिकवलं तिला. तेरा वर्षांची होते, मोठी मास्तरीण. चारशे बारा. ती आकडा गाण्यासारखा म्हणायची.

तो बुधवार. कचेरीचा माणूस दुसऱ्या दिवशी तुझ्या तुकड्यावर येणार होता. सकाळी ती इकडे इस्त्री करत होती आणि तिकडे बाबांनी तिचं घर जुंपलं. कुलूप तसंच, पडदे तसेच, शेगडीचं धुराडं तेवढं काढून आडवं ठेवलं. दोन मैल पूर्वेला नेलं. दुपारी तीनला ती निघाली, आभाळ तेव्हा पांढरं झालं होतं, वारा नव्हता. मग आला.

दोन दिवसांनी बाबांबरोबर घसरगाडीवर मी होते, तू नव्हतीस. ती वाट चुकली नव्हती, इंगाताई. बरोबर चारशे बाराव्या खांबावरून वळली होती. लाकूड फोडायचा तिचा ओंडका तिथेच होता, राखेचा ढीग तिथेच होता. ओंडक्याला पाठ लावून बसली होती, नाकासमोर जिथे दार असायचं तिकडे तोंड करून. हातात किल्ली होती. बोटांतून सोडवायला बाबांना हातमोजा काढावा लागला.

आणि आठ दिवसांनी कचेरीचा माणूस आला तेव्हा दारात तू उभी होतीस. त्याला चहा दिलास. तिच्या किटलीतून.

बाबांनी तुला सांगितलं होतं, की लव्हिनाला सांग, घर आज नाही, इथेच झोप. माझ्या कानांनी ऐकलंय. तू सांगितलं नाहीस. बत्तीस वर्षं मी हे तुला विचारलं नाही, आज विचारते. का?

तुझ्या सोयीचं उत्तर नको.

थोरा


सेलम
९ एप्रिल १९३९

चि. थोरास,

आशीर्वाद. नेहमीसारखं चार ओळी हवापाणी लिहायला बसले होते, ते फाडलं.

तुला ऐकू आलं ते खरं आहे, पण अर्धंच. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. दुपारी बाराला. डोकं खाजवत बसू नकोस, आठव, बाबांचा नियम काय होता. माझ्या टेबलावर माझ्या आईची, जुन्या देशातली भाषा, इंग्रजी बाहेर, गुरांच्या सौद्याला. तर त्यांनी बटाट्यांकडे बघत आपल्या भाषेत सांगितलं, की घर इंगाच्या तुकड्यावर नेलं आहे, पार्डीबाईला इथेच ठेवा, सांगा तिला. आणि उठून घोडे सोडायला गेले. कुणी सांगायचं, ते म्हणाले नाहीत.

टेबलावर कोण होतं? मी, तू, निल्सभाऊ आणि लव्हिना. ती तुझ्या शेजारी बसली होती, थोरा. तिच्यासमोर तिच्या घराचं बोलणं झालं आणि ती तुला मीठ देत होती. तिला आपल्या भाषेतले दोनच शब्द यायचे, पाव आणि आभार.

मी धारा काढायला गेले. मला वाटलं, ती दिवसभर तुझ्याच मागे असते, तू सांगशील. निल्सभाऊंना वाटलं मी सांगेन, कारण माझं इंग्रजी चांगलं. फाटकापर्यंत तिच्याबरोबर तू गेलीस. गोठ्याच्या दारातून मी बघितलं. तू हात हलवून ओरडलीस, की मोजायला विसरू नकोस.

मला वाटलं निल्सभाऊंकडे झोपायला निघाली असेल. मी परत कासंडीत बघितलं.

बाबा साडेचारला आले, तोवर बाहेर हात दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, बाई कुठे आहे? तू म्हणालीस, गेली. ते तारेला धरून निघाले, शंभरेक खांबांवरून परत आले. दाढीचा दगड झाला होता. त्या दिवसापासून आपल्या टेबलावर इंग्रजी सुरू झालं. तू कधी विचारलं नाहीस का, ते मरेपर्यंत आपल्या भाषेत एक शब्द का बोलले नाहीत? आईने शेवटी हाक मारली तेव्हाही त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं.

किटलीचं तू लिहिलंस, ते खरं. मी तिच्यात पाणी तापवलं. अजूनही कुणाच्या घरी निळी किटली दिसली की मला चहा उतरत नाही.

हे पुस्तकात घालू नकोस. मी हात जोडते, कधी जोडले नव्हते.

इंगा


ड्राय फोर्क
२ मे

इंगाताई,

नमस्कार.

मीठ खरं आहे. मला आठवत होतं. तुझं पत्र यायच्या आधीपासून आठवत होतं, तुझ्यावर ढकललेलं असलं की झोप लागायची एवढंच.

मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं. मी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि डोक्यात हेच होतं, की ही आता इंगाताईच्या तुकड्यावर जाणार, लांब पडेल. मला वाटलं तिला माहीत आहे. घर तिचं. आपलं घर हलवलं हे माणसाला माहीत नसेल, असं तेरा वर्षांच्या पोरीला कसं वाटावं? आणि तरी ओरडले की मोज. सवयीने. कुठले खांब, कुठल्या दिशेचे, हे मनातही आलं नाही.

मी दोन पानं लिहिली. सगळं लिहिलं. थर्लोबाईंनी परत आणून दिली, हातमोजे न काढता. म्हणाल्या, तुमचं छापलं तर कुणाचं छापायचं नाही? एकेका घराची जमीन अशीच आहे, नातवंडं शाळेत शिकतात माझ्या नवऱ्याकडे. ऑर्व्हिल म्हणाला बाई बरोबर बोलतात, आणि वकील दारात आला तर तू त्याला वासरू दाखव, आपल्याकडे दुसरं द्यायला काय आहे. पुस्तकात छापणार: लव्हिना पार्डी, मार्च १९०७ च्या वादळात वाट चुकून मृत्यू.

त्या पोरीला मी झाडाखाली नेणार नाही. हे तुला कळवायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

थोरा


ड्राय फोर्क
१९ ऑगस्ट १९३९

ती. इंगाताईस,

नमस्कार. वि. वि. सोहळा झाला. बँड होता, भाषणं झाली, दोघांना ऊन लागलं, निल्सभाऊंना सगळ्यात जुने रहिवासी म्हणून फीत लावली. ते आता सगळ्यालाच हो म्हणतात. कचेरीपुढे माझं खुराडं पांढरं रंगवून उभं आहे, खिडकीला नवे पडदे. कोंबड्यांचा वास गेला नाही. लोक आत डोकावतात आणि लगेच बाहेर येतात.

अल्मीरा सोहळ्याच्या आधी आली, तीन तारखेला. उंच, किडकिडीत, तपकिरी टोपी. चेहरा आईचा नाही, हात आईचे. मी ट्रक घेऊन स्टेशनवर गेले. थर्लोबाई फुलं घेऊन हजर, तिला आधी हिरवळीवर नेलं, हे तुमच्या आईचं घर. तिने पाटी वाचली, दाराला हात लावला आणि म्हणाली, सुंदर आहे, पण मला जागा बघायची आहे. थर्लोबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रक चालू केला.

फाटकापाशी तिने पर्समधून कागद काढला. मी म्हटलं, काढू नकोस, उडेल, मला पाठ आहे. तिलाही पाठ होता. ती कुंपणाच्या या बाजूने, मी त्या बाजूने, मध्ये तार. ती मोठ्याने मोजत होती, शाळेतल्या पोरीसारखी. दोनशे सत्त्याण्णवावर थांबली, खांबच नाही, कुजून पडलाय वसंतात. मी म्हटलं खड्डा मोज. खांब बदलले, खड्डे बाबांच्या हातचेच आहेत.

चारशे बारा. मी तारेखालून पलीकडे गेले. ती डावीकडे चाळीस पावलं टाकायला लागली तर मी थांबवलं, तुझी आई तुझ्या खांद्याला लागत नव्हती, पावलं आखूड टाक. तिने आखूड टाकली.

तिथे काही नाही. गवत आहे. ओंडका कधीच जळून गेला. ती इकडे तिकडे बघत होती, आपण चुकलो की काय असं. तो चेहरा मला बघवला नाही, म्हणून लगेच सांगितलं. उभ्याने सगळं सांगितलं, सात तुकडे, घोडे, टेबल, भाषा, मीठ, मी काय ओरडले ते. तुझं नाव घेतलं. माझंही घेतलं.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. तिने एकच विचारलं. आईची मोजणी बरोबर होती का? मी म्हटलं, एक खांब चुकला नव्हता. मग ती खाली बसली. बराच वेळ गवत उपटत होती. म्हणाली, मावशी मरेपर्यंत मला घराच्या किल्ल्या देत नसे, म्हणायची आईवर गेली आहेस, हरवशील.

किल्ली मी बरोबर नेली होती. बाबांनी खिळ्याला टांगलेली, त्यांच्यानंतर माझ्या बटणांच्या डब्यात पडून होती. दिली. तिने रुमालात बांधली. माझ्या घरी जेवली नाही. मी आग्रह केला नाही, कोणत्या तोंडाने करू? दुसऱ्या गाडीने गेली. जाताना आभार मानले, ते आपल्या भाषेतल्या त्या शब्दात. आईच्या पत्रात होता म्हणे.

पुस्तकं चर्चच्या तळघरात येऊन पडली होती, दोनशे. सत्तेचाळिसाव्या पानावर ती ओळ. मी दौत-टाक घेऊन गेले, सकाळी, उजेडी, चोरून नाही. प्रत्येक पुस्तकात वाट चुकून या शब्दांवर काट मारली आणि बाजूला लिहिलं: वाट चुकली नाही. चारशे बारा खांब बरोबर मोजून घरी पोचली. घर आम्ही नेलं होतं आणि तिला कुणी सांगितलं नाही. सांगायला मी तिथे होते. थोरा हॅलक, माहेरची ब्रांडवोल्ड. माझं अक्षर तुला माहीत आहे, एका प्रतीला पाच मिनिटं लागतात. एक्केचाळीस झाल्या तेव्हा थर्लोबाई आल्या. ओरडल्या नाहीत. एक पुस्तक उघडून वाचलं, दौतीला टोपण लावून टाक माझ्या हातात दिला आणि मी बाहेर पडल्यावर तळघराला कुलूप लावलं. चर्चला कुलूप, जिल्ह्यात पहिल्यांदाच. म्हटलं, पहिल्यांच्या यादीत हेही घाला.

त्या एक्केचाळीस कुणाकुणाकडे गेल्या, मला ठाऊक नाही. कुणी काही बोलत नाही. रविवारी आमच्या बाकावर आम्ही दोघंच असतो. ऑर्व्हिल म्हणतो पाय पसरायला जागा झाली, गुडघ्याला बरं.

एक प्रत तुला पाठवते. जाळायची तर जाळ, हेन्रीभावजींच्या हाती पडायच्या आत. नातं तोडणार असशील तर दोन ओळी लिहून तोड, नुसती गप्प बसू नकोस. आपल्या घरात गप्प बसणं पुरे झालं.

थोरा


सेलम
८ सप्टेंबर १९३९

चि. थोरास,

इंगाताईचे आशीर्वाद. पुस्तक पोचलं. सत्तेचाळिसावं पान मी स्वतः हेन्रीला वाचून दाखवलं, आणि किटलीतल्या चहाचंही सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि विचारलं, ती किटली कुठे आहे? मी म्हटलं, आईच्या सामानाबरोबर मीच इथे आणली, माळ्यावर आहे. त्यानेच शिडी लावली. वेगळ्या पेटीत पाठवते आहे, ती अल्मीराला पोचव.

पुस्तकही परत पाठवते, रागावू नकोस. तुझ्या ओळीखाली दोन बोटं जागा होती. आधी आपल्या भाषेत लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की पुन्हा तेच केलं. ते खोडून खाली इंग्रजीत लिहिलंय, तिला वाचता येईल असं. एवढंच: सांगायला मीही तिथे होते. तेव्हा ही प्रतही तिलाच दे.

तुझी
इंगा